आजचा खेळ रद्द

आवटी पोस्टर घेऊन दारात आले तेव्हा माझे वडील, अण्णा, ओसरीवर बसून रुमाल गायब करत होते. लाल रुमाल डाव्या मुठीत कोंबायचा, मुठीवर फुंकर मारायची, मूठ उघडायची. मूठ रिकामी. मग पुन्हा रुमाल काढायचा आणि पुन्हा कोंबायचा. सकाळपासून हेच चाललं होतं.

“जनार्दनराव, ओळखलंत का?” आवटींनी विचारलं.

अण्णांनी मान वर केली. “या, या मालक. मॅटिनी सुटली का?”

आवटी गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी हळूच म्हणाले, “त्यांना तुम्ही म्हणजे तुमचे वडीलच वाटताय.”

थोरले आवटी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिरजेतली देवयानी टॉकीज आता या धाकट्यांकडे होती आणि कशीबशी चालली होती. निम्म्या खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं, बाल्कनी कायमची बंद. मी घरात शिवणक्लास चालवायचे, माझ्याकडे येणाऱ्या मुली त्या टॉकीजकडे फिरकतसुद्धा नव्हत्या.

आवटींनी पोस्टर खाटेवर पसरलं. काळे कोट घातलेले दोन पुरुष एकमेकांना पाठ लावून उभे होते. एकाच्या तळहातावर जाळ, दुसऱ्याच्या खांद्यावर कबूतर.

“दोन जादूगारांच्या वैराचा सिनेमा आहे,” आवटी म्हणाले. “एकाच उस्तादाचे दोन चेले, पुढं एकमेकांच्या जिवावर उठतात. पण नुसत्या सिनेमाला आता कोण येतंय? म्हणून म्हटलं, रविवारी तीनच्या खेळाला आधी खरी जादू दाखवायची, मग सिनेमा. पडद्यावर दोन वैरी, स्टेजवर दोन वैरी. गावात रिक्षा फिरवतो बघा.”

“स्टेजवर दुसरं कोण?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“प्रोफेसर बशीर. ते तयार आहेत. म्हणाले, जनार्दन येणार असला तरच.”

अण्णांच्या मुठीतून रुमालाचं टोक बाहेर आलं. त्यांच्या हातून अशी चूक झालेली मी कधीच पाहिली नव्हती.

“बशीर येणार?” अण्णांनी विचारलं.

“येणार.”

“मग पेटी काढा,” अण्णा म्हणाले.

आमच्या घरात ते नाव माझी आई गेल्यापासून कुणी उच्चारलेलं नव्हतं. आणि पेटी परड्यातल्या खोलीत सरपणाखाली पडली होती.

मला जे माहीत होतं, ते इतकंच. अण्णा सुताराचे, बशीरकाका सतारमेकर गल्लीतले. दोघं पोरसवदा असताना एका फिरत्या कंपनीत पाणक्याचं काम करता करता जादू शिकले आणि पुढं त्यांनी स्वतःची पार्टी काढली. जनार्दन-बशीर मॅजिक पार्टी. यात्रा, उरूस, साखर कारखान्यांचे वार्षिक कार्यक्रम, सगळीकडे जायचे. अण्णांनी स्वतःच्या हातानं सागवानी पेटी केली होती. माझी आई त्या पेटीत बसायची. बाहेरून तलवारी खुपसायच्या, पेटी गरागरा फिरवायची आणि झाकण उघडलं की आई हसत उभी राहायची. पाटीवर तिचं नाव असायचं, मिस सिंधू. मी शाळेमुळं मिरजेत आत्याजवळ राहायचे.

मी दुसरीत असताना आटपाडीकडच्या एका यात्रेत आई तापानं फणफणली होती. भर चैत्र, पत्र्याचा तंबू. तशाच अंगानं ती पेटीत बसली. झाकण उघडलं तेव्हा ती उठलीच नाही. मिरजेच्या दवाखान्यात आणेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती, ती परत आली नाही.

तेराव्याच्या आधी कधीतरी बशीरकाका आमच्या दारात येऊन उभे राहिले होते. टोपी हातात होती. आत्या ओरडून विचारत होती, “तापलेल्या बाईला आत बसवलं कुणी? कुणी बसवलं?” अण्णा गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. बशीरकाका म्हणाले, “मी हट्ट केला. पब्लिक दंगा करंल म्हणून मीच म्हणालो वैनींना, एवढा एकच खेळ.” आत्यानं पायातली चप्पल काढून त्यांच्या अंगावर फेकली. ते चप्पल उचलून तिच्या पायांशी ठेवून निघून गेले.

त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. अण्णा शाळांमधून कार्यक्रम करायचे, बशीरकाकाही करायचे. एखाद्या शाळेनं चुकून दोघांना बोलावलं तर अण्णा अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. गाव म्हणायचं, धंद्यातलं वैर आहे. मला खरं कारण माहीत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं.

आवटी गेले आणि अण्णा कामाला लागले. मी मोडता घालायला बघत होते, पण गेल्या कित्येक महिन्यांत अण्णांना असं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः दाढी केली. काळा कोट काढून माझ्यापुढं टाकला आणि म्हणाले, “अस्तर उसवलंय, टाके घाल.” गड्याला हाताशी धरून पेटी बाहेर काढली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. तिच्यावरच्या पिवळ्या चांदण्या अजून शाबूत होत्या. आदल्या दिवशी ज्यांना आपला चष्मा डोळ्यांवर आहे हे कळत नव्हतं, ते आता बिजागऱ्यांना तेल घालत होते.

“पेटी नुसती मागं ठेवायची, शोभेला,” मी म्हणाले. “पत्ते, दोरी, कबूतर, एवढंच करायचं. कबूल?”

“कबूल,” अण्णा म्हणाले.

तरी मला धीर निघेना. शनिवारी सकाळी मी सतारमेकर गल्लीत गेले. बशीरकाका दारापुढल्या कट्ट्यावर बसून पुतण्याच्या हातातल्या तंबोऱ्याची खुंटी बघत होते. मला पाहून त्यांनी पुतण्याला आत पाठवलं.

“हेमा ना तू?”

“हो.”

“बस की.”

“बसायला नाही आले.” मी उभ्यानंच बोलले. “अण्णांना आता काही लक्षात राहत नाही. मला कधी आत्या समजतात, कधी आईच्या नावानं हाक मारतात. जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागतात.”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“वाढत जाणार म्हणतो.”

बशीरकाकांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, “आणि हात?”

“हात अजून आहेत. पत्ते हातात दिले की बघणारा वेडा होतो.”

“मग येऊ दे त्याला.”

“लोकांसमोर काहीतरी होईल. तुम्ही नाही म्हणा आवटींना. तुम्ही येणार नसलात तर अण्णाही विसरून जातील.”

“काही होणार नाही. मी आहे ना तिथं.”

“आई गेली तेव्हाही तुम्ही होतातच,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी नुसती मान हलवली. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “तरी येऊ दे त्याला, बेटा. हात आहेत तोवर येऊ दे.”

रविवारी देवयानीला खरोखरच गर्दी झाली. आवटींच्या रिक्षानं तीन दिवस गावभर बोंब ठोकली होती. लहान पोरं, म्हातारी माणसं, जनार्दन-बशीर पार्टी पूर्वी पाहिलेले कितीतरी जण. पडद्यापुढं अरुंद स्टेज होतं, पूर्वी तिथं बक्षीस समारंभ व्हायचे. मध्ये एक उभा माईक होता. अण्णांची पेटी मागच्या बाजूला ठेवली होती. मी डाव्या विंगेत स्टेजच्या पडद्याची दोरी धरून उभी होते. उजव्या विंगेत हिरव्या शेरवानीत बशीरकाका.

आवटी माईकवर आले. “एकीकडे जादूगार जनार्दन! दुसरीकडे प्रोफेसर बशीर! वर्षानुवर्षांचं वैर! आज फैसला!”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णा आणि बशीरकाका दोन बाजूंनी बाहेर आले आणि एकमेकांसमोर उभे राहिले. अण्णा काहीतरी विसरल्यासारखे बशीरकाकांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला आणि बशीरकाकांच्या दाढीला बोट लावलं.

“पांढरी झाली की रे,” अण्णा म्हणाले.

“झाली,” बशीरकाका म्हणाले.

मग खेळ सुरू झाला. मी आजवर अण्णांचे शेकडो खेळ पाहिले असतील, पण त्या दिवशीसारखे नाही. पत्ते त्यांच्या एका हातातून दुसऱ्या हातात पाण्यासारखे वाहत गेले. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांच्या टोपीतून त्यांनी त्या आजोबांचाच चष्मा काढला. कापलेली दोरी सांधली, आणि सांधलेल्या दोरीची गाठ सरकवत सरकवत टोकावरून खाली टाकली. लोक खुर्चीवरून अर्धे उठले होते. बशीरकाकाही आपले खेळ करत होते, पण थोडे हात राखून. अण्णांनी एक कबूतर काढलं की ते फुलं काढायचे. त्यांना याहून मोठं काय काय येतं ते मला माहीत होतं. ते काढत नव्हते.

मला वाटलं, झालं. निभावलं. आता आवटींनी खूण करावी आणि मी पडदा पाडावा.

तेवढ्यात अण्णा मागं वळले. त्यांनी पेटी ढकलत स्टेजच्या मध्यावर आणली. झाकण उघडून लोकांना रिकामी पेटी दाखवली, चारी बाजूंनी ठोकून दाखवली. माईकपाशी येऊन दोन्ही हात पसरले आणि त्यांच्या तरुणपणीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “आणि आता आपल्यापुढं येत आहेत, मिस सिंधू!”

त्यांनी डाव्या विंगेकडे हात केला. मी उभी होते तिकडे.

माझे पाय जागचे हलले नाहीत. लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या संपल्या. अण्णा हात पसरूनच उभे होते. “मिस सिंधू!” त्यांनी पुन्हा पुकारलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक पोरगं ओरडलं, “गेली का पळून?”

अण्णा माईकपासून दूर झाले. बशीरकाकांकडे वळून त्यांनी विचारलं, “बशीर, सिंधू कुठाय रे?”

हे लोकांना ऐकू गेलं नसावं. बशीरकाका झटकन त्यांच्याजवळ आले. त्यांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं. ते मला बोलावत नव्हते, पडदा पाड म्हणून खुणावतही नव्हते. काय करावं ते त्यांनाही कळत नव्हतं, एवढंच मला दिसलं.

मी दोरी सोडली आणि स्टेजवर गेले.

“मी आले,” मी म्हणाले.

अण्णांचा चेहरा फुलला. आईकडे ते असे बघत असतील हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा हात धरून मला पेटीपाशी नेलं. मी एक पाय उचलला, आत ठेवणार, तोच त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. त्यांचा चेहरा एकदम बदलला.

“अंग किती तापलंय तुझं,” ते म्हणाले.

माझं अंग थंडगार होतं.

“बशीर,” अण्णा म्हणाले, “हिचं अंग बघ. तू मघाशीच म्हणालास, जना, आज नको. वैनीला पडून राहू दे, मी पत्त्यांवर वेळ काढतो.”

“मी नाही म्हणालो, जना,” बशीरकाका घाईघाईनं म्हणाले. त्यांची नजर माझ्यावर होती. “मीच हट्ट केला. मी म्हणालो एकच खेळ.”

“खोटं बोलू नको!” अण्णांनी त्यांचा दंड धरला. “तू पाया पडलास माझ्या. माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, बाई मरंल. मीच म्हणालो, उठ सिंधू, एवढा एकच खेळ, तंबूबाहेर पब्लिक उभं आहे. मीच म्हणालो.” मग त्यांचा आवाज खाली आला. “पोरीपुढं खोटं बोललास ते बोललास. आता परत नको बोलू.”

पेटीच्या कडेवर ठेवलेला माझा हात तिथंच राहिला. समोर एवढी माणसं आहेत हे मी विसरून गेले. बशीरकाका मान खाली घालून उभे होते. पंचवीसेक वर्षं मी ज्या माणसाच्या सावलीला उभी राहिले नव्हते, तो माझ्यापासून हातभर अंतरावर रडत होता.

अण्णांनी मला हळूच पेटीपासून बाजूला केलं. पेटीचं झाकण बंद केलं. कोटाची बटणं नीट केली, माईकपाशी गेले आणि लोकांना नमस्कार करून म्हणाले, “मंडळी, माफ करा. आजचा खेळ रद्द. आमच्या बाईंना बरं नाही.”

मागून कुणीतरी शिट्टी मारली. “पैसे परत द्या,” असं एकजण ओरडलाही. आवटी विंगेतून हातवारे करत होते. अण्णांना ती शिट्टी ऐकू आली आणि ते बावरले. त्यांनी मागं वळून पाहिलं, आता पुढं काय ते त्यांना आठवत नव्हतं.

बशीरकाकांनी बाहीनं तोंड पुसलं आणि माईक हातात घेतला.

“मंडळी,” ते म्हणाले, “सभा भरलेली असताना खेळ थांबवायला छाती लागते. मी आयुष्यभर जादू केली, मला हे कधी जमलं नाही. आवटीशेठ फैसला मागत होते ना? मग ऐका. मी हरलो. टाळ्या वाजवा जादूगार जनार्दनसाठी.”

त्यांनी अण्णांचा हात धरून वर केला. आधी म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. आवटींनी पडदा पाडला. पडद्यामागं अण्णांनी मला विचारलं, “औषध घेतलंस?”

“घेतलं,” मी म्हणाले.

“मग जा, झोप जा.” आणि ते स्वतःच दमून पेटीवर बसले.

सिनेमा सुरू झाला. आवटींनी आम्हा तिघांना शेवटच्या रांगेत बसवलं. मला घरी जायचं होतं, पण अण्णा हट्टाला पेटले की ते सिनेमा बघणार. ते मध्ये बसले, एका बाजूला मी, एका बाजूला बशीरकाका. पडद्यावर ते दोन चेले आधी एका ताटात जेवत होते, मग एकमेकांच्या खेळात घाण करू लागले. अण्णा पुढं वाकून बघत होते. मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. अंधारात मी बशीरकाकांकडे बघायचे, पुन्हा समोर बघायचे.

मध्यंतर होऊन गेल्यावर अण्णांनी बशीरकाकांना विचारलं, “तू पाहिलायस का हा?”

“परवा पाहिला, आवटींनी दाखवला.”

“शेवटी या दोघांचं मिटतं का रे?”

बशीरकाकांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं. “मिटतं की,” ते म्हणाले. “म्हातारे होतात दोघं, मग मिटतं. चल, चहा घेऊ. पुढं नुसती गाणी आहेत.”

आम्ही बाहेर आलो. पुढं गाणी नव्हती. त्या दोन चेल्यांतला एक दुसऱ्याला जळत्या मांडवात कोंडून निघून जातो, हे मला माझ्या शिवणक्लासमधल्या एका मुलीच्या भावाकडून नंतर समजलं.

टॉकीजसमोर चहाची गाडी होती. अजून ऊन होतं. अण्णांना बाकड्यावर बसवलं, त्यांच्या हातात बिस्किटं दिली. ते बिस्किट चहात बुडवायचे आणि ते विरघळून पडलं की कपात शोधत बसायचे. बशीरकाका आणि मी थोडं बाजूला उभे राहिलो.

“का केलंत असं?” मी विचारलं. मला आणखी पुष्कळ विचारायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

बशीरकाकांनी हातातला कप गाडीवर ठेवला. मग म्हणाले, “ठरवून नाही केलं. मी तुमच्या दारात आलो तो जनाला बघायला आलो होतो. तुझी आत्या विचारत होती, कुणी बसवलं, कुणी बसवलं. जनाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आणि तू कवाडाच्या आड उभी होतीस, परकर पोलक्यात. तुझी आई गेली होती. मला वाटलं, आता याचं नाव निघालं तर या पोरीनं रात्री कुणाच्या कुशीत जायचं? आणि तोंडातून निघून गेलं.”

“मोठी झाल्यावर सांगायचं होतं मला.”

“मोठी झाल्यावर तू त्याचं सगळं करत होतीस. त्याच्यासाठी स्वयंपाक, त्याच्या कोटाला टाके. ते मोडायला मी कशाला येऊ?”

“तुम्हाला आम्ही काय काय बोललो. आत्या मरेपर्यंत तुमच्या नावानं बोटं मोडत होती.”

“तिची भावजय गेली होती. कुणाच्या तरी नावानं मोडणारच की.” त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा चमच्यानं बिस्किटाचा लगदा काढत होते. “मला त्याचं काही नव्हतं. मला वाटलं होतं, चार-सहा महिन्यांत हा येईल. रात्री मागच्या दारानं का होईना, येईल. दोघं बसू, रडू. पण हा मला बघितलं की गल्ली बदलायचा. मी त्याच्यासाठी जे बोललो, ते त्याला माझ्या तोंडावर दिसायचं. मग मीच त्याच्या वाटेवर जायचं सोडलं. लोक म्हणाले वैर आहे. म्हटलं, असू दे.”

“आणि आता आवटींना होकार कसा दिलात?”

“तो विसरायला लागलाय असं कानावर आलं,” बशीरकाका म्हणाले. “मला वाटलं, तेही विसरला असेल. मग मला बघून हसेल.” ते पुन्हा अण्णांकडे वळले. “सगळं विसरला बघ. ते तेवढं नाही विसरला.”

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी मला वर उठवलं आणि म्हणाले, “हे नको. त्याला घरी ने. दमलाय.”

त्यानंतर अण्णा वर्षभर होते. बशीरकाका दर शुक्रवारी नमाज झाल्यावर यायचे. अण्णा कधी त्यांना ओळखायचे, कधी डॉक्टर समजून जीभ बाहेर काढून दाखवायचे. ओळखलं तर दोघं पत्त्यांची पाकीटं घेऊन बसायचे आणि एकमेकांना पान ओळखायला लावायचे. हळूहळू पत्ते अण्णांच्या बोटांतून गळायला लागले. बशीरकाका ते गोळा करून पुन्हा त्यांच्या हातात द्यायचे. मी बशीरकाकांना जेवून जा म्हणायचे. ते जेवून जायचे.

मी मात्र अण्णांवर रागावू शकत होते का? रात्री त्यांना पांघरूण घालताना मला आईची आठवण यायची आणि हात थांबायचा. ज्या माणसावर चिडायचं, तो मला आई समजून पाणी मागत होता. मी पाणी द्यायचे. एकदा मी परड्यात जाऊन, हुंदके घरात ऐकू जाऊ नयेत म्हणून तोंडात पदर कोंबून रडले. पण ते आईसाठी होतं, अण्णांसाठी होतं की बशीरकाकांच्या वाया गेलेल्या वर्षांसाठी, ते मला सांगता आलं नसतं.

अण्णा गेले त्याच्या आधी थोडे दिवस, एका दुपारी, मी अण्णांच्या खाटेशी बसून ब्लाऊजला हुक लावत होते. त्यांनी हाक मारली, “हेमा.”

बऱ्याच महिन्यांनी माझं नाव त्यांच्या तोंडून आलं होतं. मी बघितलं. त्यांचे डोळे स्वच्छ होते, ते मला बघत होते, मलाच.

“देवयानीत खेळ केला होता ना आपण?” त्यांनी विचारलं. “बशीर होता.”

“हो अण्णा.”

“तिथं स्टेजवर मी काही बोललो का गं?”

बोलले असते तर बोलता आलं असतं. त्यांनाच विचारता आलं असतं, मला वर्षानुवर्षं का सांगितलं नाही म्हणून. असा क्षण पुन्हा मिळणार नाही हेही मला कळत होतं.

“नाही अण्णा,” मी म्हणाले. “खेळ केलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकी काही नाही.”

ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. जादूगाराची नजर हातांवर असते. माझ्या हातातली सुई हुकाच्या भोकात जात नव्हती, पुन्हा पुन्हा बाजूला जात होती.

“बशीरसारखंच बोलायला लागलीस तू,” अण्णा म्हणाले.

मग त्यांनी डोळ्यांवर हात आडवा घेतला आणि ते रडू लागले. मी सुई खाली ठेवली आणि त्यांना रडू दिलं.